चांगूचा एकच सूर

चांगू ढेबे सनई वाजवतो असं म्हटलं तर पोलादपूरच्या आसपास कुणीही हसून म्हणेल, वाजवतो कसला, धरतो. त्यात खोटं काही नव्हतं. खालूबाजात, म्हणजे कोकणात लग्नाला आणि पालखीला वाजणाऱ्या ताफ्यात, सनया दोन असतात. एक गाणं वाजवते, नटते, मुरडते, लोकांची वाहवा घेते. दुसरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून बसते. चांगू या दुसऱ्या सनईचा धनी. वरात निघाल्यापासून मांडवात पोचेपर्यंत त्याचे गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. नाकाने श्वास आत घ्यायचा, गालातली हवा बाहेर सोडायची आणि सूर तुटू द्यायचा नाही. ज्याला यातलं काही कळत नाही त्याला वाटायचं, या माणसाला थांब म्हणायचं सगळे विसरलेले दिसतात.

चांगूची स्वतःची काही तक्रार नव्हती. आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावर त्याची वाडी. चार म्हशी, वीस-बावीस शेळ्या, थोडी नाचणी-वरी, आणि बयाबाईसारखी बायको, जी बोलते कमी पण बोलली की मुद्द्याचं. एवढं सगळं असताना आणखी गाणं कशाला वाजवायचं, असा त्याचा हिशेब.

गाणं वाजवायचा महिपती. खालच्या गावचा, बारमाही शेती असलेला, उंचापुरा, मिशीवाला आणि तोंडाने मोकळा. बाजा त्यानेच उभा केला होता. चांगूची आणि त्याची दोस्ती सव्वीस वर्षांची, आणि या दोस्तीतली एक गोष्ट महिपती दिसेल त्याला सांगायचा. पहिल्याच वर्षी कापडे गावच्या एका लग्नात गाणं ऐन रंगात आलं आणि दोन सनयांचं फाटलं. कानात कुसळ जावं तशी किरकिर सुटली. महिपतीने सनई खाली घेतली आणि भर मांडवात चांगूला झापलं, "सूर उतरला तुझा. झोपलास काय?" चांगू गप्प राहिला. त्यानंतर मात्र दोघांचं कधी फाटलं नाही. गोष्टीचा शेवट करताना महिपती मिशीवरून हात फिरवायचा. "येकदाच झापला बरं का. तवापासून चांगूचा सूर तिळभर हलला नाय."

खरी गोष्ट निराळी होती. त्या मांडवात चांगूचा सूर उतरला नव्हता, महिपतीचा चढला होता. महिपती रंगात आला की जोर लावतो आणि जोर लावला की सनई चढते. हे त्याला स्वतःला कळत नाही, कारण त्या वेळी तो गाण्यात बुडालेला असतो. घाट चढून घरी जाताना चांगूने विचार केला की याला सांगायचं म्हणजे भांडण ओढवून घ्यायचं. त्यापेक्षा आपणच त्याच्याबरोबर चढलेलं बरं. सनईच्या टोकाला ताडाच्या पानाची इवलीशी जिव्हाळी असते. ती ओठात जरा आत घेतली की सूर केसभर वर जातो, सैल सोडली की खाली येतो. महिपती चढला की चांगू चढायचा, महिपती दमून उतरला की चांगू उतरायचा. म्हणजे ज्या दिवसापासून तो सूर हलला नाही असं महिपती छातीठोकपणे सांगायचा, बरोबर त्याच दिवसापासून तो हलायला लागला होता. हे चांगूला ठाऊक होतं आणि बयाबाईला. तिसऱ्या कुणाला नाही.

बाजाची तालीम दर रविवारी दुपारी नाथूच्या भातगिरणीत व्हायची. नाथू ढोल वाजवायचा आणि गिरणीही त्याचीच. रविवारी गिरणी बंद, त्यामुळे आवाजाची कुणाला अडचण नाही. फक्त तासाभराने सगळ्यांच्या डोक्यावर आणि भुवयांवर कोंड्याची पांढरी पूड बसलेली असायची. या तालमीचा एक रिवाज होता आणि तोही महिपतीनेच घातलेला. बाजात नवा माणूस आला की एक रविवार त्याचा. त्या दिवशी तो जे वाजवेल ते वाजवेल. जुन्यांनी त्यात आपापली जागा शोधायची. हे आपलं नाही, असं कुणी म्हणायचं नाही. ज्याला जागा सापडणार नाही त्याने वाद्य मांडीवर ठेवून ऐकायचं. पुढच्या रविवारपासून ते गाणं सगळ्यांचं.

पहिला रविवार मिळाला विनोदला. हा कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनवर रिक्षा चालवायचा, गाड्यांच्या मधल्या वेळात रिक्षाच्या टपावर बोटं बडवायचा आणि पुढे कुणाकडून तरी जुना ड्रमसेट घेऊन आला. त्याचा आणि नाथूच्या ढोलाचा दोन महिन्यांत असा मेळ बसला की वराती लांबायला लागल्या. मग आला शुभम. अंधेरीच्या एका हॉटेलात सहा वर्षं कीबोर्ड वाजवायचा. हॉटेल बंद पडलं, तसा तो पोलादपूरला बापाच्या हार्डवेअरच्या दुकानात येऊन बसला आणि खिळे मोजता मोजता कंटाळला. त्याच्या रविवारी त्याने जे वाजवलं ते गिरणीत कुणी आधी ऐकलं नव्हतं. जड पावलांनी चालणारं, मधेच थबकणारं, आणि तरी अंग आपोआप हलवणारं.

"याला सोल-जॅझ म्हणतात," शुभमने सांगितलं. "तिकडे अमेरिकेत चर्चमध्ये देवासाठी गायचे आणि बाहेर नाचासाठी वाजवायचे. दोन्ही एकत्र झालं."

"मग आपल्यात काय येगळं हाय?" नाथू म्हणाला. "शिमग्याला पालखी नाचवतो, ते देवाचं का नाचाचं? सांग बघू."

त्या दिवसापासून बाजाला सोल-जॅझ चिकटलं, आणि नाथूने गिरणीच्या दारावर खडूने तसं लिहूनही ठेवलं.

त्या रविवारी चांगूला मात्र जागा सापडली नाही. गाण्यात सूर धरायचं काम होतं, पण ते शुभमच्या कीबोर्डनेच उचललं होतं. एसटीच्या तिकिटाची घडी करून शुभमने ती एका पट्टीच्या फटीत खोचली. पट्टी दबून राहिली आणि सूर सुरू राहिला. ना श्वास, ना गाल, ना दम. चांगूने रिवाजाप्रमाणे सनई मांडीवर ठेवली आणि ऐकलं. पुढच्या रविवारी जुन्या गाण्यांनाही तीच घडी आली. "चांगूमामा, तुम्ही जरा आराम करा. मशीन धरेल," शुभम म्हणाला, आणि तो हे अगदी मनापासून, मायेने म्हणाला. तिसऱ्या रविवारी चांगूने सनई पिशवीतून काढलीच नाही. चहाची किटली मात्र हातात घेतली, कारण नुसतं बसून राहायचं तरी कसं.

त्याला वाईट वाटलं. वाईट वाटल्याची लाजही वाटली, कारण कुणी त्याला काढलं नव्हतं. तरी तो दर रविवारी पिशवी खांद्याला लावून तासभराचा डोंगर उतरायचा, चहा करायचा, कोंड्याच्या पोत्याला टेकून ऐकायचा आणि परत चढायचा.

ऐकता ऐकता त्याला पहिल्याच महिन्यात कळून चुकलं की महिपतीचं बिघडत चाललंय. म्हणजे महिपती जसा होता तसाच होता. रंगात आला की चढायचा. पण आता खालचा सूर त्याच्याबरोबर चढत नव्हता. तिकिटाची घडी जिथल्या तिथे, सूर जिथल्या तिथे, आणि महिपती एकटाच वर. किरकिर सुटायची. शुभम मान खाली घालायचा, विनोद ड्रमची थाळी जोरात वाजवून झाकायला बघायचा. वयाला दोष देणं सोपं असतं, तसा तो सगळ्यांनी मनातल्या मनात दिला. महिपतीने आपल्या नव्या कवळीला दिला. महाडच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन ती दोनदा घासून आणली, सनई तेलाने पुसली, पुण्याहून नव्या जिव्हाळ्या मागवल्या. फरक पडला नाही.

मग महाडचं ते लग्न झालं. चवदार तळ्याच्या मागच्या बाजूला एका हॉलमध्ये. मुलीकडची एक बाई पुढे येऊन अगदी गोड शब्दांत म्हणाली, "काका, तुम्ही दमला असाल. नुसतं पियानोवाल्यांना वाजवू द्या ना." महिपती हसला, सनई पिशवीत घातली आणि जेवायला न बसता विनोदच्या रिक्षात जाऊन बसला. चांगू त्या दिवशी किटलीसुद्धा नसताना उगाच बरोबर गेला होता. तो शेजारी जाऊन बसला.

"कान गेला रे माझा," महिपती म्हणाला. "दातांचं नाय. कानच गेला. मला कळतच नाय मी कुठं जातोय ते."

चांगूच्या तोंडापर्यंत आलं होतं. ते तिथेच थांबलं. महिपतीने नंतर पोलादपूर येईपर्यंत एक शब्द काढला नाही, आणि महिपती गप्प बसलेला चांगूने पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशी पिळताना त्याने बयाबाईला सगळं सांगितलं.

"मंग सांगा की त्याला," ती म्हणाली.

"काय सांगू गो? सव्वीस वर्सं तू चढत व्हतास आन मी झाकत व्हतो म्हणून?"

"व्हय."

"लाजंनं मरंल तो. येवढा मिशीवाला माणूस. आन लोक म्हनतील, चांगूची जागा गेली म्हणून आलाय मागाया."

बयाबाईने चरवी बाजूला ठेवली. "तुमाला जागा पायजे का नको?"

चांगू म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "पायजे," तो म्हणाला. "म्हनून तर सांगवत नाय. नको आसती, तर कवाच सांगितलं आसतं."

बयाबाईने थोडा विचार केला. "आन न्हाय सांगितलं तर जागा त्याचीबी जानार," ती म्हणाली आणि दुसऱ्या म्हशीकडे वळली.

त्याच आठवड्यात बाजात निशिगंधा आली. ती महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. सुट्टीहून परतताना वीर स्टेशनवर भली मोठी काळी पेटी घेऊन विनोदच्या रिक्षात बसली. "मॅडम, आत काय हाय?" विनोदने विचारलं, आणि आत सॅक्सोफोन होता. तिचे वडील डोंबिवलीच्या एका बँडमध्ये आयुष्यभर वाजवत होते, हा त्यांचाच. महाड येईपर्यंत विनोदने तिच्याकडून रविवारचं कबूल करून घेतलं होतं.

तिच्या रविवारी गिरणीत सगळे जरा नटूनच आले. नाथूने चक्क झाडू मारला होता. महिपती शेवटी आला आणि कडेच्या बाकावर बसला. सनई त्याच्या हातात होती, पण हात सैल होते.

"माझे बाबा वरात संपल्यावर एक गाणं वाजवायचे," निशिगंधा म्हणाली. "लोक जेवायला गेलेले असायचे. तेव्हा बँडवाले स्वतःसाठी वाजवायचे. तेच वाजवते."

तिने सुरुवात केली. गाणं सावकाश होतं, कुणाची घाई नसलेलं. नाथूने ढोल काठीने न वाजवता बोटांनी वाजवायला घेतला. विनोदला जागा सापडली. शुभमने तिकिटाची घडी खोचली आणि वरून दुसऱ्या हाताने हलके हलके सूर पेरले. गाणं वर जाऊ लागलं, तशी निशिगंधा पण रंगात आली आणि सॅक्सोफोन आणि कीबोर्ड यांच्यात थोडंसं खटकलं. तिने वाजवता वाजवता भुवया उचलल्या, पण थांबली नाही. मग महिपती उठला. रिवाज त्याचाच होता, त्याला बसून कसं चालेल. त्याने सनई ओठाला लावली, दोन ओळी छान गेल्या आणि तिसऱ्या ओळीला रंगात येताच किरकिर सुटली. तो लगेच थांबला. सनई त्याने मांडीवर नाही, सरळ पिशवीत ठेवली.

गाणं विरलं. महिपती सगळ्यांकडे बघून हसला. "पोरी, ग्वाड वाजवतेस. माझी जागा नाय यात. कशातच नाय आता. पुढच्या रविवारपासनं मी चांगूच्या जोडीला. तो चहा करील, मी कप धुवीन."

चांगू किटली हातात घेऊन उभा होता. त्याला मनापासून वाटलं की आता कुणीतरी दुसऱ्याने बोलावं. नाथूने, शुभमने, या शिकलेल्या मुलीने. पण ज्याला ठाऊक आहे तोच बोलणार, आणि गिरणीत ठाऊक त्याला एकट्यालाच होतं. त्याने किटली खाली ठेवली.

"कान न्हाय गेला तुझा," तो म्हणाला.

"मग काय गेलं?"

"काय न्हाय गेलं. तू चढतोस."

"तेच तर. म्हातारपणी आता—"

"आता न्हाय," चांगू म्हणाला. "पयल्यापासनं."

महिपतीचा चेहरा लाल झाला. नाथू म्हणाला, "आसं कसं, चांगू? सव्वीस वर्सं तुमचं कधी फाटलं नाय." आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच उमगलं असावं, कारण तो मधेच थांबला आणि चांगूकडे टक लावून बघत राहिला.

"मला गिरणीत चारचौघांत खोटा पाडतोस?" महिपती म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच चांगूला जास्त लागलं.

"तू कप धुतलेलं मला बघवनार न्हाय," चांगू म्हणाला. "म्हनून बोललो. न्हायतर बोललो नसतो."

महिपतीने पिशवी मांडीवर ओढली. मग त्याने सनई परत बाहेर काढली. "तुझी आणलीस?"

"हाय की पिशवीत."

"काढ. सूर धर. आन हलवू नको." चांगूने मान हलवून नको म्हटलं, तसा तो म्हणाला, "धर म्हणतो ना. मला ऐकू दे मी कुठं जातो ते. शुभम, तुझं ते तिकीट काढ."

शुभमने घडी ओढून काढली आणि खिशात घातली. चांगूने जिव्हाळी ओल्या ओठांवर फिरवली आणि सूर लावला. कित्येक महिन्यांनी लावला तरी तो आला. महिपतीने त्यांचं सगळ्यात जुनं गाणं घेतलं, कापड्याच्या मांडवातलं. पहिला भाग सरळ गेला. दुसऱ्या भागाला महिपतीची मान डोलायला लागली, खांदे वर आले, आणि तो चढला. चांगूचे ओठ आपोआप आत जाऊ लागले. त्याने ते आवरले. सव्वीस वर्षांत इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं. दोस्त डोळ्यांसमोर घसरतोय आणि आपण हात द्यायचा नाही. किरकिर सुटली. महिपतीने थांबायला हवं होतं, पण तो थांबला नाही. ती किरकिर कानात घेत, डोळे घट्ट मिटून त्याने गाणं शेवटपर्यंत वाजवलं.

मग त्याने सनई खाली घेतली. "कापड्याच्या लग्नातबी आसंच?"

चांगूने होकाराची मान हलवली.

"आन मी तुला झापला."

"व्हय."

"आन नंतर तू माझ्या मागनं चढत ऱ्हायलास. आन मी गावभर सांगत फिरलो..." महिपतीने मिशी पुसली, पण ओले डोळे होते. "एकदा तरी बोलायचंस रे. शिवी तरी द्यायचीस."

"बोललो असतो तर तू जोर लावायचा थांबला आसतास," चांगू म्हणाला. "तू जोर लावलास की गाणं चांगलं व्हतं. मला ते ऐकायला आवडतं."

निशिगंधा इतका वेळ सॅक्सोफोन कवटाळून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "मामा, शेवटी शेवटी मी पण चढते. बाबा नेहमी ओरडायचे. माझ्याबरोबर पण याल?"

"दोघांबरोबर कसं येनार?" चांगू गोंधळला. "तू येका अंगाला गेलीस आन हा दुसऱ्या, तर मी कुनाचं आयकू?"

"आम्ही तुझं ऐकू," महिपती म्हणाला. तो बाकावरून उठला. आजवर तो चांगूकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून वाजवायचा. आता त्याने बाक ओढून चांगूच्या समोर ठेवला, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, आणि त्यावर बसला. "पोरीचं गाणं. पयल्यापासनं. चांगू, आता हल खुशाल."

चांगूने सूर लावला. नाथूची बोटं आली, विनोद आला, शुभम दोन्ही हातांनी आला. निशिगंधाचं गाणं गिरणीत पसरलं आणि दुसऱ्या ओळीला महिपती त्यात शिरला. तिसऱ्या ओळीला त्याचे खांदे वर आले. चांगू केसभर चढला. महिपतीने डोळे उघडून चांगूच्या ओठांकडे बघितलं, आणि तो केसभर उतरला. दोघं मधेच कुठेतरी भेटले, आणि सॅक्सोफोन वरून वाकून त्यांच्यात येऊन मिसळला. महिपती जोर लावतच होता. फाटलं मात्र कुठेच नाही. चांगूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण दोन्ही हात सनईवर होते आणि सूर तोडायचा नव्हता, म्हणून त्याने ते वाहू दिलं.